केझश्पेट्झलेमधलं चीज दर वेळी फुटतंय, गोळा होतंय? आधी गॅस बंद करा

श्पेट्झले मऊ झालेत, कांदा खरपूस झालाय, चीजही चांगलं महागाचं आणलंय. तरी ताटात वाढेपर्यंत चीजचा चिवट गोळा एका बाजूला आणि पिवळं तूप तळाशी. पहिले दोन घास बरे लागतात, तिसऱ्याला जबडा दुखायला लागतो. पुढच्या वेळी माणूस चीज बदलतो, नाहीतर जास्त घालतो, नाहीतर वरून क्रीम ओततो. तक्रार मात्र तीच. जर्मनीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळींकडून ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की एकदा सविस्तरच लिहून टाकते.

ज्यांनी हा पदार्थ खाल्ला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन आणि आल्गॉय भागातलं हे पोटभरीचं जेवण. आल्गॉयमध्ये याला केसश्पाट्झन म्हणतात, सीमेपलीकडे ऑस्ट्रियाच्या फोरआर्लबेर्गमध्ये केसक्नोप्फ्ले. अंडं घातलेलं सैलसर पीठ उकळत्या पाण्यात पाडायचं, वर आलेले वेडेवाकडे तुकडे झाऱ्याने काढायचे, किसलेल्या चीजबरोबर थरावर थर लावायचे आणि वरून परतलेला कांदा. मसाला म्हणाल तर मिरपूड, फार तर जायफळ. 'श्वेबिशे श्पेट्झले' या नावाला २०१२ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. साहित्य इतकं कमी असल्यामुळे लपवायला जागा नाही. एक पायरी चुकली की लगेच दिसते.

चीज का फुटतं

चीज म्हणजे केसीन या प्रथिनाची जाळी. कॅल्शियम त्या जाळीचे सांधे धरून ठेवतं, आणि मधल्या पोकळ्यांत दुधातला स्निग्धांश आणि पाणी अडकलेलं असतं. स्निग्धांश तीस-पस्तीस अंशांनाच पातळ होतो. एमेंटालरसारख्या (मोठ्या भोकांच्या, पिवळसर) चीजची जाळी सैल व्हायला मात्र साधारण ६५ अंश लागतात. ती सैल झाली की आपण म्हणतो, चीज वितळलं. खरं तर इथेच थांबायचं असतं. आच चालू राहिली तर प्रथिनं पुन्हा एकमेकांना धरू लागतात, जाळी आवळत जाते आणि आतलं पाणी व तूप बाहेर पिळलं जातं. पाण्याची वाफ होते, तूप तळाशी साचतं, जाळीचा गोळा उरतो. महागाचं चीज असो की स्वस्तातलं, गोष्ट तीच.

आता बहुतेक जण काय करतात ते पाहा. श्पेट्झले चाळणीत ओततात, पास्त्यासारखे नळाखाली धरतात, पाणी पूर्ण निथळू देतात, मग कढईत बटरवर टाकून वरून चीज पसरतात आणि गॅस मोठा करतात. म्हणजे श्पेट्झल्यांची स्वतःची उष्णता गेली, अंगावरचं पिठूळ पाणी गेलं, आणि चीज वितळवायचं काम एकट्या कढईच्या तापलेल्या तळावर येऊन पडलं. त्या तळाला ६५ अंशांवर थांबायला कोण सांगणार?

चीज वितळवायचं ते श्पेट्झल्यांच्या उष्णतेवर. गॅसचं काम पाणी उकळण्यापुरतं.

दुसरी गोष्ट त्या पिठूळ पाण्याची. श्पेट्झले शिजताना पाण्यात स्टार्च उतरतो. हा स्टार्च प्रथिनांच्या मध्ये शिरतो आणि त्यांना एकत्र येऊन गोळा व्हायला अडवतो. शिवाय चीजमधून सुटू पाहणारं तूप पाण्यात मिसळून ठेवायला मदत करतो. स्विस लोक फोंड्यूमध्ये (पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये) कॉर्नफ्लोअर घालतात तेही याच कारणासाठी. (फोंड्यूमधल्या वाइनचा आंबटपणाही कॅल्शियमची पकड ढिली करून मदत करतो, पण इथे वाइन घालायची गरज नाही.) तुम्ही जे पाणी सिंकमध्ये ओतून देता तेच तुमचं सॉस आहे.

मग क्रम काय ठेवायचा

दोघांसाठी २०० ग्रॅम मैदा, २ अंडी, ८० ते १०० मिली पाणी, अर्धा चमचा मीठ, १५० ग्रॅम चीज, दोन मोठे कांदे. जर्मनीत ४०५ नंबरचं पीठ आपल्या मैद्याच्या जवळ जातं; 'श्पेट्झलेमेल' म्हणून थोडं रवाळ पीठ मिळतं, ते असेल तर उत्तमच. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं हा तिथला घरगुती हिशेब. मात्र जर्मन एम मापाचं अंडं ५३ ते ६३ ग्रॅमचं असतं. आपल्याकडची अंडी बऱ्याचदा लहान असतात, तेव्हा पाणी चमचाभर वाढवावं लागेल.

कामाच्या दिवशी संध्याकाळी घरात शिरल्यावर सगळ्यात आधी कांदा गॅसवर चढवा. कपडे नंतर बदला. पातळ उभा चिरलेला कांदा मध्यम ते मंद आचेवर नीट लालसर व्हायला पंचवीस-तीस मिनिटं घेतो आणि या पदार्थात घाई त्याच्याइतकी कोणालाच सोसत नाही. नुसत्या बटरवर परतलात तर बटरमधला दुधाचा अंश कांद्याआधी जळतो. जर्मन बायका 'बुटरश्माल्झ' वापरतात, म्हणजे आपलं साजूक तूपच. त्यामुळे या एका बाबतीत आपलं स्वयंपाकघर आधीच तयार आहे. साखर घालू नका. चिमूटभर मीठ घाला आणि शेवटची पाच मिनिटं आच जरा वाढवा, म्हणजे कडा कुरकुरीत होतील.

कांदा चढला की चीज किसून ओट्यावर ठेवा. फ्रिजमधलं गार चीज श्पेट्झल्यांची उष्णता खातं आणि मग आपल्याला पुन्हा गॅस पेटवण्याचा मोह होतो.

मग पीठ. अंडी, पाणी, मीठ घालून लाकडी चमच्याने जोरात फेटायचं, पिठात मोठे बुडबुडे दिसेपर्यंत. हात भरून येतो, पण मिक्सर लावू नका. नुसता चिवटपणा येतो. चमचा उचलला की पीठ जड जड खाली यावं आणि लोंबता लोंबता तुटावं. भज्याच्या पिठाहून घट्ट, पण हाताने वळता येणार नाही इतपत सैल. पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा; तोवर कांदा अर्ध्यावर आलेला असतो आणि मोठ्या पातेल्यातलं खारट पाणी उकळायला लागलेलं असतं.

ज्यात वाढणार ते जाड बुडाचं किंवा मातीचं भांडं ओव्हनमध्ये ८०-१०० अंशांवर गरम करत ठेवा. ओव्हन नसेल तर त्यात उकळतं पाणी ओतून ठेवा आणि ऐन वेळी रिकामं करा. ही पायरी फालतू वाटते म्हणून लोक गाळतात आणि तिथेच फसतात. गार काचेच्या बाऊलमध्ये पडलेले श्पेट्झले मिनिटभरात चीज वितळवण्याच्या लायकीचे राहत नाहीत.

आता मोठ्या भोकांच्या झाऱ्यावर पीठ घासून थोडं थोडं उकळत्या पाण्यात पाडा. श्पेट्झले वर तरंगले की एखादं मिनिट थांबा, मग झाऱ्याने उचला, एकदाच झटका आणि ओलेच गरम भांड्यात टाका. त्यावर लगेच मूठभर चीज आणि मिरपूड. पुढचा घाणा निघाला की पुन्हा तोच थर, तोवर भांडं ओव्हनमध्ये. प्रत्येक घाणा आपल्या वरचं आणि खालचं चीज तापवतो. शेवटचा थर झाला की पातेल्यातलं पिठूळ पाणी दोन-तीन चमचे वरून घाला, दोन काट्यांनी खालून वर असं पाच-सहा वेळा उचलून घ्या. तारा सुटायला लागतील आणि सगळ्याला ओलसर चकाकी येईल. कांदा तुपासकट वरून ओता आणि लगेच जेवायला बसा. 'सगळे आले की वाढू' म्हणून थांबलात तर पाहुणे येतील, चीज मात्र गेलेलं असेल.

काही पाककृतींत शेवटी २०० अंशांवर ओव्हनमध्ये वरून लाल करायला सांगतात. मला ते पटत नाही. वरचा थर कडक होतो, खालचं तूप सुटतं, आणि आपण जे टाळायला एवढा खटाटोप केला तेच पदरात पडतं.

कोणतं चीज

एकच चीज वापरलंत तर काहीतरी कमी पडणारच. कोवळं चीज लांब तारा देतं पण चवीला सौम्य, आणि गार होताच चिवट. फार मुरलेलं चीज चवीला जबरदस्त, पण मुरताना त्याची प्रथिनं तुटून आखूड झालेली असतात आणि पाणीही कमी झालेलं असतं. ते नीट वितळण्याऐवजी दाणेदार होऊन तूप सोडतं. म्हणून दोन्ही मिसळायची. माझं प्रमाण दोन भाग बेर्गकेझे (डोंगराळ भागातलं कठीण, मुरवलेलं चीज) आणि एक भाग एमेंटालर. बेर्गकेझे मध्यम मुरलेलं घ्या, दुकानातलं सगळ्यात जुनं नको. आल्गॉयच्या या दोन्ही चीजना युरोपात मूळस्थानाचं संरक्षण आहे, पण रोजच्या जेवणाला तो शिक्का हवाच असं नाही.

तिथली जुनी खोडं यात थोडं वाइसलाकर किंवा लिंबुर्गर घालतात. वास असा की शेजारी दार वाजवतील. चव मात्र खरंच खोल येते. पहिल्यांदा घालणाऱ्याने २० ग्रॅमच्या वर जाऊ नये.

पाकिटातलं आधीच किसलेलं चीज चालतं का? चालतं. ते चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो, तो इथे उलट उपयोगीच पडतो. मात्र ते कोरडं असतं, तेव्हा पिठूळ पाणी चमचाभर जास्त. नुसतं पिझ्झासाठीचं मोझरेला नको: तारा फोटोत छान दिसतात, पण त्याची चव फिकी आणि गार होताच ते आवळतं.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. पारंपरिक डोंगरी चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, वापरलेलं असू शकतं. जर्मन पाकिटावर 'मिक्रोबिएलेस लाब' असं लिहिलेलं असेल तर ते सूक्ष्मजीवांपासूनचं. सुट्या चीजच्या काउंटरवर विचारलंत तर नीट सांगतात. या प्रश्नाची त्यांना सवय आहे.

चीज ठीक आहे, श्पेट्झलेच बिघडतायत

पाण्यात पडताच पीठ विरघळून ढगासारखं होत असेल तर दोनच कारणं: पीठ पातळ, नाहीतर पाणी पुरेसं तापलेलं नाही. चमचाभर मैदा घाला, पुन्हा फेटा, एक तुकडा टाकून पाहा. श्पेट्झले घट्ट आणि दातात अडकणारे होत असतील तर पाणी कमी पडलंय किंवा पीठ मुरायला वेळ दिलेला नाही. गव्हाच्या चक्कीच्या पिठाचे करायचे असतील तर पाणी बरंच जास्त लागतं आणि चवही वेगळी येते. निदान अर्धा मैदा ठेवा.

भोकं बुजतात, ही दुसरी नेहमीची तक्रार. झारा उकळत्या पातेल्यावर धरून ठेवला की वाफेने पीठ भोकातच शिजतं. एका वेळी एकच डाव पीठ घ्या, भरभर घासून पाडा, झारा बाजूला करा, आणि पुढच्या डावाआधी गार पाण्याखाली धरा. खास श्पेट्झलेची किसणी किंवा दाबयंत्र घ्यायची गरज नाही. बुंदीचा मोठ्या भोकांचा झारा चालतो, आणि पीठ किंचित घट्ट ठेवलंत तर जाड शेवेची चकती लावून सोऱ्याही उत्तम चालतो. श्वाबेनमधल्या मुरलेल्या आज्या ओल्या लाकडी पाटीवर पीठ पसरून सुरीने बारीक पट्ट्या थेट पाण्यात ढकलतात. बघायला फार सुंदर. पण दमून आलेल्या बुधवारी शिकायची गोष्ट नव्हे ती.

पाकिटातले श्पेट्झले वापरलेत तर

जर्मन सुपरमार्केटात थंड कपाटात शिजवलेले 'ताजे' श्पेट्झले मिळतात. कामाच्या दिवशी मीही तेच उचलते आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. अडचण अशी की ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना तेल लावलेलं असतं. पाकिटावर 'बटरमध्ये परता' असं लिहिलेलं असतं, आणि तसं केलं की तेलावर बटर, बटरवर चीजचं तूप. पिठूळ पाण्याचा पत्ताच नाही. चीज घसरून खाली जातं आणि गोळा होतं. त्यापेक्षा पातेल्यात थोडं खारट पाणी उकळा, त्यात एक चमचा मैदा गार पाण्यात कालवून घाला, श्पेट्झले मिनिटभर बुडवा आणि वरच्यासारखेच ओले उचलून थर लावा. पाच मिनिटांचं काम, पण फरक पहिल्याच घासाला कळतो. कांद्याला वेळ नसेल तर डब्यातला तयार तळलेला कांदाही मिळतो. कुरकुरीत असतो, गोडवा नसतो. अगदीच नाइलाज असेल तर घ्या.

कोरडे पाकीटबंद श्पेट्झले पाकिटावरच्या वेळेनुसार उकडावे लागतात, पण त्यांचं पाणी छान पिठूळ होतं, त्यामुळे चीजच्या बाजूने ते जास्त सोपे.

फुटलंच, तर

तूप नुकतंच सुटायला लागलंय आणि चीज अजून मऊ आहे, असं असेल तर वाचतं. भांडं गॅसवरून उतरवा. अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर तीन चमचे गरम पिठूळ पाण्यात नीट कालवून कडेने घाला आणि भराभर हलवा. हाताशी प्रोसेस्ड चीजचा क्यूब असेल तर तो किसून टाका: त्यात इमल्सिफायर क्षार असतात, ते कॅल्शियमला बाजूला करून प्रथिनांना तूप धरून ठेवायला भाग पाडतात. आल्गॉयच्या माणसाला हे सांगू नका, पण काम होतं.

चीजचा कडक गोळा झाला असेल आणि काट्याने ओढल्यावर तुटतही नसेल, तर ते परत सरळ होत नाही. क्रीम ओतून नुसतं पांढरं पाणी आणि त्यात गोळा असं होतं. अशा वेळी उलट दिशेला जा: सगळं नॉनस्टिक तव्यावर पसरवा, न हलवता खालून कुरकुरीत होऊ द्या, उलटा, कांदा घाला. केझश्पेट्झले राहत नाहीत, पण कोणी ताट परतही करत नाही.

बरोबर काहीतरी आंबट हवंच. तिथे हिरव्या पानांचं व्हिनेगर घातलेलं सॅलड असतं, नाहीतर श्वाबेनचं बटाट्याचं सॅलड, ज्यात मेयोनीज नसतं, गरम सूप-पाणी, व्हिनेगर आणि तेल असतं. घरी लिंबू पिळलेली काकडीची कोशिंबीर केलीत तरी तेच साधतं.

भारतात करताना

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या दुकानांत अमूलचं गौडा आणि एमेंटल मिळतं. दोन्ही अर्धं अर्धं घ्या आणि दोघांच्या मापाला एक साधा चीज क्यूब किसून घाला. चव थोडी सौम्य होईल, ती मिरपूड आणि जास्त खरपूस कांद्याने भरून काढा. पनीर चालणार नाही. ते आम्लाने फाडलेल्या दुधाचं असल्यामुळे वितळतच नाही, कितीही बारीक किसा.

अंडं न खाणाऱ्यांनी निम्मा मैदा आणि निम्मा बारीक रवा घेऊन पीठ अर्धा तास भिजवावं, चिमूटभर हळद रंगापुरती. पोत तोच येत नाही, तुकडे लवकर मोडतात, म्हणून घाणे लहान घ्या आणि काट्याने उलटताना हात हलका ठेवा.

उरलेलं दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण शक्तीवर तापवलंत तर कालची सगळी मेहनत दोन मिनिटांत वाया. दोन चमचे दूध शिंपडा, झाका, अर्ध्या शक्तीवर मिनिट-मिनिट करत तापवा आणि मध्ये एकदा ढवळा. डब्यात न्यायचं असेल तर कांदा वेगळ्या डबीत.